जिनच्या बोळीचं दार

तुळशीराम मेला त्या दिवशी जिनच्या बोळीच्या दारावर पाटी नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी होती. काळ्या फळीवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'इंजन चालू असताना आत जाण्यास सक्त मनाई.' रंग अजून वाळला नव्हता. आणि नांदुऱ्याच्या त्या जिनमध्ये ज्यांना बोळीत जावं लागायचं, त्यांच्यातल्या एकालाही वाचता येत नव्हतं.

सोजराबाई ही तुळशीरामाची बायको. दोघंही वडनेर भोलजीची. गावाबाहेर नाल्याकाठी त्यांचा वांग्या-मिरचीचा लहानसा मळा होता. दिवाळीनंतर कापूस निघाला की मळा दिराच्या हवाली करून ती दोघं नांदुऱ्याला यायची आणि वामनरावांच्या जिनवर, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, हंगामभर काम करायची. बाया रांगेनं उभ्या राहून यंत्रात कापूस घालायच्या. रुई पुढून निघायची आणि सरकी खाली पडायची. यंत्रांच्या रांगेखाली एक अरुंद बोळी होती आणि तिच्यातून या टोकापासून त्या टोकापर्यंत लोखंडी शाफ्ट गरगरत असायचा. सगळी यंत्रं त्यावर चालायची. सरकी साचली की ती बोळीतच साचायची. ती ओढून काढायला माणूस वाकून आत जायचा, शाफ्ट डोक्याशी फिरत असायचा.

इंजन थांबवून माणूस आत पाठवता आला असता. पण इंजन थांबलं की सगळी यंत्रं थांबत आणि वामनराव कचेरीतून ओरडत बाहेर येत. म्हणून कधीच कोणी थांबवलं नाही.

तुळशीरामाच्या धोतराचा सोगा शाफ्टमध्ये गेला. पुढचं सांगायची गरज नाही.

मजूर कामावर मेला किंवा लुळापांगळा झाला तर मालकानं नुकसानभरपाई द्यावी, असा कायदा तेव्हा येऊन काही वर्षं झाली होती. सोजराबाईच्या दिरानं अर्ज केला. बुलढाण्याला तारीख लागली. तिथं वामनरावांच्या वकिलानं उभं राहून सांगितलं की दारावर मनाईची पाटी आहे, मुकादमानं तोंडीही बजावलं होतं, तरी हा माणूस हुकूम मोडून आत गेला, आणि हुकूम मोडणाऱ्याला कायदा काही देत नाही. मुकादम पंजाबराव पुढे झाला आणि शपथेवर म्हणाला, "हो साहेब, म्या मना केलतं."

त्यानंच त्या सकाळी हाक मारली होती, "ए तुळशा, जाय बे आत, सरकी तुंबली." चाळीस माणसांनी ऐकलं होतं. त्यातलं एकही बुलढाण्याला आलं नाही. आणि त्या काळच्या कायद्यात वकील म्हणत होता तशी पळवाट खरोखरच होती. अर्ज फेटाळला गेला.

सोजराबाईला रडू आलं नाही. मेलेल्या माणसालाच गुन्हेगार ठरवलं, हे तिला गिळता येईना. घरी येऊन ती दिराला म्हणाली, "त्याईनं मारला तर मारला. पण वरून म्हनतेत, तुहीच चूक. मेलेल्या मानसाच्या तोंडात माती कोंबली रे त्याईनं."

पुढच्या हंगामात ती पुन्हा त्याच जिनवर गेली. लोकांनी नावं ठेवली. भावजय म्हणाली, "लाज नाई वाटत तुले? त्याच मालकाची चाकरी करतं?" सोजराबाई म्हणाली, "दुसरीकडं गेली तर तो मले इसरून जाईन. म्या नाई इसरू देत." ती कामात कधी चुकली नाही, त्यामुळे तिला काढायला पंजाबरावाला निमित्त सापडेना. वामनराव यंत्रांच्या रांगेवरून फिरायला आले की ती हात चालू ठेवून मान वळवायची आणि ते दारातून बाहेर पडेपर्यंत त्यांच्याकडे बघत राहायची. हळूहळू वामनराव त्या रांगेला यायचेच बंद झाले.

बोळीत माणसं जातच होती. पाटीखालून वाकून जायची.

मग कायदा बदलला. माणूस कामावर मेला असेल तर त्यानं हुकूम मोडला होता ही सबब यापुढे चालणार नाही, असं सरकारनं ठरवलं. जखमेपुरती ती सबब राहिली, मरणाला राहिली नाही. वामनरावांच्या वकिलानं त्यांना ते नीट समजावलं असणार. समजावल्यावर मालकानं काय करावं? बोळीला कुलूप लावावं, सरकी ओढायच्या वेळी इंजन थांबवावं, फिरणाऱ्या दांड्यावर लाकडी झाकण बसवावं. शहाण्या माणसाला यापेक्षा निराळं काही सुचायला नको होतं. वामनरावांना निराळंच सुचलं.

हंगामाच्या पहिल्या दिवशी पंजाबरावानं सगळ्या बायांना अंगणात उभं केलं. तो त्या दिवशी नवा फेटा बांधून आला होता.

"ऐका वं बायाहो," तो म्हणाला, "आजपासून तुमचा मालक म्या. वामनरावाईनं कामाचा ठेका मले देल्ला. मजुरी माह्या हातून भेटन. अंगठे लावा इथं."

बाया हसल्या. सोजराबाईच्या शेजारी अंबूबाई उभी होती, तोंडाळ, खट्याळ बाई. ती म्हणाली, "अवं माय! काल तं बिडी मांगून ओढत होता, आज मालक झाला!"

पंजाबरावही हसला. सोजराबाई हसली नाही. "तू मालक, तं मंग इंजन कोनाचं?" तिनं विचारलं.

"वामनरावाईचं."

"जिन?"

"वामनरावाईचीच."

"मंग तुहं काय?"

"जिले काम पाह्यजे तिनं अंगठा लावा," पंजाबराव म्हणाला, "जिले नाई पाह्यजे तिनं घरी जाऊन भाकरी थापा."

सगळ्यांनी अंगठे लावले. सोजराबाईनंही लावला. मालकानं मरणाची जबाबदारी आपल्या अंगावरून काढून एका मुकादमाच्या अंगावर टाकली होती, हे तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही.

पौषात, एका दुपारी, सरकी तुंबली. पंजाबरावानं रांगेवरून नजर फिरवली आणि म्हणाला, "अंबू, तू जाय. तू बारीक हायेस."

अंबूबाईनं पदर कमरेला खोचला. वाकून आत गेली. सोजराबाई पंजाबरावाला म्हणाली, "इंजन थांबवाले सांग ना बे इंजनवाल्याले!" पंजाबराव म्हणाला, "दोन मिनिटाचं काम हाये."

खोचलेला पदर सुटला. शाफ्टनं तो धरला आणि पदराबरोबर अंबूबाईला धरलं. सोजराबाई इंजनघराकडे धावली, इंजनवाल्याच्या छातीवर दोन्ही हातांनी बडवत ओरडली तेव्हा त्यानं इंजन थांबवलं. जिनमध्ये एकदम इतकी शांतता झाली की बाहेर उभ्या असलेल्या बैलांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येऊ लागल्या. अंबूबाई संपली होती.

वामनराव आले. जवळ गेले नाहीत. दारातूनच त्यांनी विचारलं, "दार उघडं कोनं ठेवलं?"

त्यांनी बोळीवरच्या पाटीकडे बोट केलं.

"पाटी दिसत नव्हती काय तिला?"

तेव्हा सोजराबाई पुढे झाली. तिच्या हाताला अंबूबाईचं रक्त होतं, कारण तिनंच तिला ओढून बाहेर काढलं होतं. "तिले वाचाले येत नव्हतं!" ती म्हणाली. "मलेबी येत नाई! इथं कोनालेच येत नाई! मुकादमानं धाडलं तिले. इचारा त्याले. इचारा!"

वामनरावांनी पंजाबरावाकडे पाहिलं नाही. ते म्हणाले, "जे काय असेल ते ठेकेदार पाहील," आणि कचेरीत गेले.

अंबूबाईला बैलगाडीत घालून तिच्या नवऱ्याकडे, शालिग्रामाकडे पाठवलं. संध्याकाळच्या आत जिन पुन्हा सुरू झाली. त्याआधी दोन माणसं बसून रुई निवडत होती. रक्त लागलेली रुई वेगळी काढत होती, दाबून बांधायची गाठ खराब होऊ नये म्हणून. सोजराबाईनं ते पाहिलं, पायातला कापूस झाडला आणि ती त्या दारातून बाहेर पडली.

शालिग्राम हा मऊ माणूस. बाजारात हमाली करायचा. घरात तीन पोरं होती, धाकटी अजून चालत नव्हती. तेराव्याच्या आधीच पंजाबराव त्याच्या ओसरीवर आला. बरोबर ज्वारीचं पोतं, पोरांना कापड, थोडे रोख पैसे आणि एक कागद.

"वामनरावाईनं देल्लं," पंजाबराव म्हणाला. "त्याईचं काई देनं लागत नाई, पन दया म्हून देल्लं. इथं अंगठा लाव, म्हंजे झालं."

सोजराबाई तिथंच बसली होती. ती उठली, पोतं दोन्ही हातांनी धरलं आणि ओढत ओढत ओसरीच्या पायरीवरून खाली लोटलं. शिवण फाटली, ज्वारी रस्त्यावर सांडली.

"दया?" ती म्हणाली. "बाई खाल्ली आन् दया करून राह्यले?"

पंजाबराव निघून गेला, पण शालिग्राम तिच्यावरच उखडला. "तुह्यं काय गेलं वं सोजरे? माह्ये पोरं उपाशी हायेत! ती ज्वारी त्याईच्या तोंडातली होती!" आणि तो रस्त्यावर बसून ज्वारी गोळा करू लागला.

मग सोजराबाईही खाली बसली आणि पदरात ज्वारी भरू लागली. "ज्वारी खाय," ती म्हणाली. "पन अंगठा लावशील तं पाह्य. म्या तुह्या दारात डोकं फोडून घेईन."

दुसऱ्या दिवशी ती त्याला घेऊन रेल्वेनं मलकापूरला गेली. तिथं शेषराव नावाचे वकील होते. बाजारातल्या हमालांचे खटले ते चालवायचे, म्हणून शालिग्रामाच्या ओळखीचे होते. शेषरावांनी सगळं ऐकून घेतलं.

"ठेका तोंडी असो की लेखी," ते म्हणाले, "सरकी काढणं हा जिनचाच धंदा आहे. मालकाच्या धंद्याचं काम ठेकेदाराकडून करवून घेतलं तरी मजूर मेल्यावर जबाबदार मालकच. आणि मेलेल्या माणसाची भरपाई घरी नेऊन देता येत नाही. ती न्यायाधीशांकडे जमा करावी लागते. घरी दिलेलं कायदा मोजत नाही. त्यांनी कितीही अंगठे घेतले तरी."

"आन् पाटी?" सोजराबाईनं विचारलं. "त्याईची पाटी?"

"पाटीचं आता चालत नाही. कायदा बदलला. माणूस मेला की हुकूम मोडला म्हणून सुटता येत नाही."

सोजराबाईच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी उजळलं. "मंग माह्या मानसाचंबी पुन्हा लावा," ती म्हणाली. "त्याच दारात मेला. त्याच मुकादमानं धाडलं."

शेषरावांनी मान हलवली. "ते झालं बाई. नवा कायदा मागच्या मरणाला लागत नाही."

"काऊन?"

"तेव्हा कायदा तसा होता."

"म्हंजे माहा मानूस लवकर मेला, हे त्याचं चुकलं?"

शेषरावांनी शालिग्रामाचा अर्ज लिहायला घेतला.

तारखेला ते तिघं मलकापूरहून मोटारीनं राजूरचा घाट चढून बुलढाण्याला गेले. जिनमधल्या सगळ्या बायांना सोजराबाईनं घरोघर जाऊन बोलावलं होतं. एकही आली नाही. हंगाम चालू होता, मजुरी पंजाबरावाच्या हातात होती. सोजराबाईनं मोटार सुटेपर्यंत वाट पाहिली आणि मग रस्त्यावर थुंकली.

वामनरावांचा वकील तोच होता, मागच्या वेळचा. तो म्हणाला, मृत बाई ही पंजाबरावाची मजूर होती, माझ्या अशिलाचा तिच्याशी संबंध नाही. मग तो सोजराबाईच्या साक्षीकडे वळला.

"तुझा नवरा याच जिनमध्ये मेला?"

"हो."

"तुझा अर्ज फेटाळला गेला. वामनरावांवर तुझा राग आहे?"

"हाये."

"रागापोटीच तू इथं आलीस."

"हो," सोजराबाई म्हणाली. "राग हाये म्हून तं आली. बाकीच्या बायाईले राग नाई आला, म्हून त्या तिथं कापूस घालून राह्यल्या. तुमाले काय वाटते, ज्याले राग नाई तोच खरं बोलते?"

न्यायाधीशांनी तिला विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर द्यायला सांगितलं. तिनं दिलं. कोणी कोणाला आत पाठवलं, इंजन चालू होतं की बंद, कोण काय म्हणालं, सगळं सांगितलं. वकिलानं तिला खोटी म्हटलं, दोनदा म्हटलं. ती दोन्ही वेळा म्हणाली, "तुमी तिथं होते काय?"

मग पंजाबराव उभा राहिला. तोच नवा फेटा. मी ठेकेदार, बाया माझ्या, असं त्यानं शिकवल्याप्रमाणे सांगितलं. न्यायाधीशांनी त्याचं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "तुम्ही खरोखर ठेकेदार असाल, तर भरपाई मालकाला द्यावी लागली तरी ती रक्कम मालक तुमच्याकडून वसूल करू शकतील. हे तुम्हाला माहीत आहे ना?"

पंजाबरावानं वामनरावांकडे पाहिलं. वामनराव छताकडे बघत होते.

"माह्याकडून?"

"तुमच्याकडून."

"मी कायचा ठेकेदार साहेब!" पंजाबरावाचा आवाज एकदम चिरकला. "माह्याकडं एक बैलबी नाई. मले मालकानं म्हटलं, असं सांगजो. मुकादम हाय मी. इंजन थांबवू नका असं मालकच म्हनतेत, म्हून म्या तिले धाडलं. माहा काय गुन्हा?"

कचेरीत गलका झाला. वामनरावांचा वकील उभा राहून हरकत घेऊ लागला. त्या गलक्यात मागच्या बाकावरून सोजराबाई ओरडली, "आता पाटीचंबी सांग! कवा लावली ते सांग! माहा मानूस मेल्यावर लावली ना बे? सांग!"

पंजाबरावानं तोंड उघडलं. न्यायाधीशांनी हात वर केला. ते म्हणाले, ती बाब या प्रकरणात नाही, बाईंनी शांत बसावं, नाहीतर बाहेर जावं.

सोजराबाई बाहेर गेली. आपल्या पायांनी गेली, कोणाला काढावं लागलं नाही. निकाल लागला तेव्हा ती आवारात कडुलिंबाखाली उभी होती. भरपाई वामनरावांनीच द्यायची, न्यायाधीशांकडे जमा करायची आणि अंबूबाईच्या पोरांसाठी तिथून हप्त्याहप्त्यानं मिळायची, असं ठरलं. शालिग्राम बाहेर येऊन तिच्या पाया पडू लागला. तिनं त्याला खांद्याला धरून उठवलं आणि म्हणाली, "पोराईले शाळेत घाल. पाटी तरी वाचता येईन."

अंबूबाईचं झालं, तुळशीरामाचं झालं नाही.

पुढच्या दिवाळीआधी वामनरावांनी विमा काढायचं ठरवलं. आता मेलेल्या मजुराचे पैसे द्यावेच लागणार हे त्यांना कळलं होतं, मग ते दुसऱ्यानं द्यावेत हा सरळ हिशोब. विमा कंपनीचा माणूस अकोल्याहून आला, सगळी जिन हिंडला, बोळीत डोकावला आणि म्हणाला, हा दांडा असा उघडा असेल तर आमची कंपनी विमा देणार नाही. त्यानं कोणाला हुकूम केला नाही, दयेचा शब्द काढला नाही. फक्त देणार नाही म्हणाला.

सोजराबाई त्या दिवशी वांग्यांची पाटी घेऊन नांदुऱ्याच्या बाजाराला आली होती. जिनच्या फाटकाशी सुतार हत्यारं गोळा करत बसलेला तिला दिसला.

"काय करून राह्यला रे इथं?" तिनं विचारलं.

"विम्याचा बाबू नाई म्हने, म्हून शाफ्टले फळ्या बसवल्या," सुतार म्हणाला. "दाराले कडीकुलूप लावलं. झालं आता."

"कवापासून लागला होता कामाले?"

"जेवून आलो तवापासून."

सूर्य अजून चांगला वर होता.

सोजराबाईनं डोक्यावरची पाटी खाली ठेवली. रखवालदार आडवा आला, त्याला तिनं बाजूला सारलं आणि सरळ कचेरीत गेली. वामनराव गादीवर बसले होते. काम पाहायला पुन्हा आलेला विम्याचा माणूसही तिथं होता, चहा पीत.

"एका दुपारचं काम!" ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण बाहेर अंगणातले लोक थांबले. "एका सुताराचं, एका दुपारचं काम. माहा मानूस मेला तवा हा सुतार नव्हता काय? लाकूड नव्हतं काय नांदुऱ्यात? अंबू मेली तवा नव्हतं? एका दुपारच्या कामासाठी दोन मानसं खाल्ली तुमी!"

"सोजरा," वामनराव म्हणाले, "आता तं लावल्या ना फळ्या? कायदा बदलला, आमी बदललो. अजून काय पाह्यजे तुले?"

"तुमी कायद्यासाठी बदलले नाई," ती म्हणाली. "मानसासाठी तं नाईच नाई. या बाबूनं नाई म्हटलं म्हून बदलले." आणि विम्याच्या माणसाकडे वळून म्हणाली, "तुमी पाच वर्ष आंधी काऊन नाई आले हो?"

त्या माणसानं कप खाली ठेवला. तो मूळचा बाहेरचा होता, वऱ्हाडी बोली त्याला नीट समजत नव्हती, पण त्याला जेवढं कळायचं तेवढं कळलं. रखवालदारानं सोजराबाईला दंडाला धरून बाहेर नेलं.

त्यानंतर वामनरावांच्या जिनमध्ये कोणी मेलं नाही. हे सांगायलाच हवं, कारण ते खरं आहे. एक-दोन वर्षांत आसपासच्या जिनवाल्यांनीही फळ्या बसवल्या. वामनराव चारचौघांत सांगायचे की काळाबरोबर चालावं लागतं, आम्ही सर्वांआधी सुधारणा केली. ऐकणारे माना हलवायचे. त्यांना काही विचारण्याचं कारण नव्हतं.

सोजराबाईला नांदुऱ्यातच काय, मलकापूरपर्यंत कोणत्याही जिनवाल्यानं पुन्हा कामावर घेतलं नाही. तिनं मागितलंही नाही. ती मळ्यात राबली, बाजार केला, आणि कुठं कोणाचा हात गेला, पाय गेला असं कानावर आलं की वांग्यांची पाटी तशीच टाकून त्या घरी जायची. तिथं रडणाऱ्यांबरोबर रडायची नाही. "अंगठा लावला काय?" एवढंच विचारायची. लावला नसेल तर मलकापूरला शेषरावांकडे न्यायची. लावला असेल तर शिव्या द्यायची, आणि मग तरीही न्यायची. काहींना मिळालं, काहींना नाही. पंजाबराव मुकादमच राहिला. बाजारात तिला पाहिलं की तो दुसऱ्या गल्लीत वळायचा.

म्हातारपणी तिचा राग निवला असेल, असं लोकांना वाटायचं. एकदा वामनरावांच्या घरची मोलकरीण तिच्याकडे वांगी घ्यायला आली, आणि चांगली हिरवी, काटेरी वांगी पाहून तिनं सगळीच मागितली.

"कोनाच्या घरी?" सोजराबाईनं विचारलं.

मोलकरणीनं नाव सांगितलं.

"नाई देत," सोजराबाई म्हणाली आणि वांग्यांवर पोतं ओढलं.

"अवं, म्हातारे झाले आता ते," मोलकरीण म्हणाली. "अंथरुणाले खिळले. त्याईनंच मांगतली, वडनेरची वांगी."

"उपाशी मर म्हना," सोजराबाई म्हणाली, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.